घरासाठी कॉफीचे यंत्र घेताना

कापडाच्या बाजारात ताका उलगडल्याशिवाय, उजेडात धरल्याशिवाय आणि पन्हा मोजल्याशिवाय कोणी सौदा करीत नाही. पण तोच व्यापारी घरातली वस्तू घ्यायला दुकानात शिरला की डब्यावरचे रंगीत चित्र पाहून पैसे मोजून मोकळा होतो. हे मी दुसऱ्याचे सांगत नाही, माझेच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या मुलाचे लग्न झाले. सून तामिळनाडूतील आंबूरची. तिच्या माहेरी सकाळ फिल्टर कॉफीने होते, आणि आमचे घर पडले चहाचे. तिला बरे वाटावे म्हणून मी १८ हजार रुपयांचे एस्प्रेसो मशीन हप्त्याने आणले. दुकानदाराने फेस आणून दाखविला, १५ बारचा दाब असल्याचे सांगितले, मी खूश झालो. सुनेनेही आभार मानले. दोन महिन्यांनी एका सकाळी स्वयंपाकघरात डोकावलो, तर मशीनवर कापड झाकलेले आणि सून माहेरून आणलेल्या छोट्या स्टीलच्या फिल्टरमध्ये गरम पाणी ओतीत होती. मी विचारले तेव्हा ती संकोचून म्हणाली, "अब्बा, मशीन चांगली आहे. पण ती एका वेळी एक-दोन कप देते, आणि सकाळी आपण सात माणसे असतो. शिवाय त्यात आमच्याकडची कॉफी होत नाही. तुम्ही इतक्या हौसेने आणली, म्हणून बोलले नाही."

पुढे मशीनच्या पंपात क्षार साचून ती बंद पडली. दुरुस्तीचा जो खर्च सांगण्यात आला तो ऐकून ती तशीच माळ्यावर गेली. गेल्या महिन्यात नवीन साधन घेण्याची वेळ आली, तेव्हा मात्र आम्ही आधी बसून विचार केला. त्या चौकशीतून जे हाती लागले ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

आधी पिणाऱ्याला विचारा

कोणते यंत्र चांगले, हा सवाल नंतरचा. घरात कॉफी कोण पितो, एका वेळी किती कप लागतात, दुधाची लागते की काळी, आणि सकाळी किती वेळ हाताशी असतो, या चार गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात. निम्मी निवड तेथेच होते.

'कप' या शब्दाचीही फसगत ध्यानात ठेवावी. कापडात वार आणि मीटर यांत गल्लत झाली तर माल कमी भरतो, तसेच येथे होते. इटालियन मोका पॉटवर 'तीन कप' लिहिलेले असते, तो कप जेमतेम ४०-५० मिलीलिटरचा असतो. विजेच्या ड्रिप यंत्राचा कप साधारण १२०-१२५ मिलीलिटरचा धरतात. म्हणून कप न विचारता मिलीलिटर विचारावेत.

साधनांचे प्रकार

दक्षिणी फिल्टर : पितळेचे किंवा स्टीलचे, एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्या डब्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड घालून उकळते पाणी ओतले की १५-२० मिनिटांत खाली दाट अर्क उतरतो. त्याला डिकॉक्शन म्हणतात. गरम दुधात हा अर्क घातला की कॉफी तयार. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे काही नाही, किंमत काही शे रुपये. छिद्रे बुजली तर ब्रशने साफ करावीत. पितळेचे असल्यास आतून कल्हई आहे की नाही ते पाहावे. दोष एकच, थांबावे लागते. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ घरांत रात्रीच अर्क काढून ठेवतात.

मोका पॉट : १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून हे भांडे बाजारात आले. मोका हे नाव येमेनच्या बंदरावरून पडले आहे. त्याच येमेनमधून बाबा बुदन यांनी कॉफीचे सात दाणे चिकमगळूरच्या डोंगरात आणले, अशी परंपरा सांगितली जाते. या भांड्यात खालच्या पाण्याच्या वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढते. पाच-सात मिनिटांत कडक कॉफी मिळते. पाणी बाजूच्या झडपेच्या वर कधीही भरू नये, ती झडप सुरक्षेसाठी असते. अॅल्युमिनियमचे भांडे इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. तेथे त्यासाठी बनविलेले स्टीलचेच घ्यावे.

फ्रेंच प्रेस : काचेच्या भांड्यात जाडसर पूड आणि गरम पाणी चार मिनिटे ठेवून जाळीचा दट्ट्या खाली दाबायचा. काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी सोपे साधन आहे. दुधात मात्र ती पातळ लागते.

ड्रिप यंत्र : पहिले विजेचे ड्रिप यंत्र १९५४ साली जर्मनीत आले. पाणी तापून कागदाच्या गाळणीतील पुडीवर पडते. ही कागदी गाळणी १९०८ साली मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीने शोधली. एका वेळी सात-आठ जणांची कॉफी होते, देखरेख लागत नाही. कागदी गाळणीचा आणखी एक फायदा असा की कॉफीतील जे तेलकट घटक कोलेस्टेरॉल वाढवितात ते कागदात बऱ्याच अंशी अडकतात. उकळून किंवा फ्रेंच प्रेसने केलेल्या कॉफीत ते तसेच राहतात. घरात कोलेस्टेरॉलचा रुग्ण असेल तर हा मुद्दा विचारात घ्यावा.

एस्प्रेसो मशीन : लग्नमांडवात वाफेने दुधाला फेस आणून देतात त्याला आपल्याकडे एस्प्रेसो म्हणतात, पण तो मामला वेगळा आहे. खऱ्या एस्प्रेसोत सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी अगदी बारीक पुडीतून २५-३० सेकंदांत काढतात. डब्यावरचा १५ बारचा आकडा पंपाची जास्तीत जास्त ताकद सांगतो. १५ चे २० बार झाल्याने चव वाढत नाही. पंप नसलेली, वाफेच्या दाबावर चालणारी स्वस्त यंत्रे ९ बारच्या बरीच खाली राहतात. हे साधन शौकिनाचे आहे. पूड कशी दळली, किती दाबून भरली, यावर सगळे अवलंबून असते, आणि साफसफाई रोजची असते.

कॅप्सूल यंत्र : बटण दाबले की कप तयार. सोय मोठी, पण खरा खर्च पुढे आहे.

यंत्राची किंमत आणि कपाची किंमत

मागाची किंमत पाहून कोणी कापडाचा भाव काढीत नाही. सूत, वीज, मजुरी धरूनच पडता निघतो. तोच हिशेब येथे करावा. एका कपाला १० ग्रॅम पूड आणि पुडीचा भाव किलोला ८०० रुपये धरला तर कप ८ रुपयांना पडतो. कॅप्सूल ५० रुपयांची धरू. रोज सहा कप लागत असतील तर पुडीचे महिन्याला १,४४० रुपये होतात आणि कॅप्सूलचे ९,००० रुपये. वर्षाचा फरक ९०,७२० रुपये. यंत्र फुकट मिळाले तरी हा सौदा मोठ्या कुटुंबाला परवडणारा नाही. एकट्या-दुकट्या माणसाची गोष्ट वेगळी. भाव आपल्या गावचे घालून हा हिशेब आपणही करून पाहावा.

पूड घेताना पुडक्यावरचे बारीक अक्षर वाचावे. कॉफीत चिकोरी मिसळणे कायद्याने मान्य आहे, पण मिश्रणात कॉफी वजनाने किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोघांचे प्रमाण पुडक्यावर छापावे लागते. चिकोरीने अर्क दाट होतो, दुधाच्या कॉफीला ती चालते. मात्र भाव कॉफीचा आणि माल चिकोरीचा असे होऊ देऊ नये.

वीज, पाणी आणि हप्ता

आखातातून येणारे नातेवाईक अशी यंत्रे आणतात. दुबई, कुवेत, कतार, मस्कत येथील यंत्रे आपल्या २३० व्होल्टवर चालतात, फक्त तीन चौकोनी पायांचा प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतील यंत्रे मात्र १२० व्होल्टची असतात, आणि सौदी अरबमधील जुन्या घरांतही कमी व्होल्टचा पुरवठा असे. असे यंत्र आपल्याकडे थेट लावले तर जळते. तळाच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट लिहिलेले पाहूनच ते जोडावे. घरातील साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० गुणिले ६, सुमारे १,३८० वॅट. त्याच्या जवळपास किंवा वर जाणारे यंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावे.

बोअरचे जड पाणी यंत्राचा शत्रू आहे. आमचे मशीन त्यानेच गेले. आत पाणी तापविणाऱ्या प्रत्येक यंत्राला ठरावीक दिवसांनी सायट्रिक आम्लाच्या पाण्याने धुवावे लागते. कसे आणि किती दिवसांनी, ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मी ती पुस्तिका उघडलीच नव्हती.

'शून्य व्याजाचा हप्ता' ही जाहिरातही तपासून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. पुष्कळदा रोखीवर मिळणारी सूट हप्त्याच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही आणि व्याज तिथे लपते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्याने तर रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण रक्कम शेजारी-शेजारी लिहून पाहावी.

दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात आहे का, रबरी वॉशर आणि गाळण्या सुट्या मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारावे. पक्के बिल घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे गिऱ्हाईक जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते, पण हाती बिल असेल तरच बोलता येते.

आम्ही काय घेतले

या वेळी दुकानात सुनेला पुढे केले आणि मी मागे उभा राहिलो. तिने स्टीलचा मोठा फिल्टर निवडला. झाकण फिरवून पाहिले, छिद्रे उजेडात धरून तपासली, दोन्ही डबे एकमेकांत नीट बसतात की नाही ते पाहिले. कापडाची पारख मी तीस वर्षे जशी करतो, अगदी तशी. आता सकाळी सात जणांची कॉफी एकाच वेळी होते आणि चहा पिणारा मीही एक कप घेतो. माळ्यावरच्या मशीनचे १८ हजार गेले ते गेले. पण पैशांपेक्षा जास्त खंत याची वाटते की एक साधा सवाल मी दुकानदाराला विचारला, घरातल्या माणसाला विचारला नाही. नवीन यंत्र घेणाऱ्यांनी एवढे एक टाळले तरी बाकीची पारख सोपी आहे.