निम्म्या किमतीचं गाणं

1986 साली मी आर्वी तालुक्यातल्या एका शाखेत नवा अधिकारी होतो. पगारातून शिलकी टाकून टेपरेकॉर्डर घेतला आणि वर्ध्याला आलो की स्टेशनजवळच्या एका दुकानात बारा गाण्यांची यादी देऊन जायचो. सोबत कोरी कॅसेट. दोन दिवसांनी भरलेली कॅसेट हातात यायची, वर दुकानदाराच्या वळणदार अक्षरात गाण्यांची नावं. पैसे दुकानदाराला मिळायचे, समाधान मला. ज्याने गाणं लिहिलं, ज्याने चाल लावली, जी गायली, त्यांच्यापर्यंत यातला एक पैसाही जात नाही, हा विचार बँकेत दिवसभर पैशा-पैशाचा हिशेब करणाऱ्या माझ्या मनात कधी आला नाही. खरं तर 1984 सालीच कॉपीराइटचा कायदा कडक झाला होता. धंद्यासाठी अशी नक्कल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. पण कायदा दिल्लीत आणि दुकान स्टेशनजवळ.

ही जुनी गोष्ट आठवायचं कारण झालं एक लग्न. तीनेक वर्षांपूर्वी हिंगणघाटला पंगतीत एक तरुण मुलगा शेजारी बसला. मोठ्या आदराने म्हणाला, “सर, तुमची कादंबरी वाचली. आमच्या ग्रुपवर पीडीएफ आली होती. मी आणखी चाळीस जणांना पाठवली!” त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. मी घास गिळला. चार वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक. रागावणार तरी कसा? माझ्या कपाटात ती बारा गाण्यांची कॅसेट अजून आहे.

तर प्रश्न असा, की ज्याला फुकटाची चव लागली, त्याला पैसे देण्याच्या वाटेवर आणायचं कसं? 2010 साली फ्रान्सच्या सरकारने यावर एक वेगळाच प्रयोग केला. 12 ते 25 वर्षांच्या तरुणांसाठी ‘संगीत कार्ड’ काढलं. कार्डावर 50 युरोंचं संगीत इंटरनेटवरून रीतसर उतरवून घेता येई. त्यातले 25 युरो तरुणाने भरायचे, उरलेले 25 सरकारने. वर्षाला दहा लाख कार्डांची, म्हणजे अडीच कोटी युरोंची तयारी होती. त्याआधीच, 2009 मध्ये, गाणी चोरून उतरवणाऱ्याला इशारे देऊन शेवटी त्याचं इंटरनेट तोडण्याचा कायदाही झाला होता. एका हातात छडी, दुसऱ्या हातात खाऊ. पण कार्डं अपेक्षेच्या मानाने फारच थोडी खपली आणि दोन वर्षांनी योजना पुढे चालली नाही. इंटरनेट तोडण्याची शिक्षाही 2013 मध्ये रद्द झाली.

मला याचं नवल वाटलं नाही. उमेदीची कितीतरी वर्षं मी अनुदानाच्याच फायली हाताळल्या. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात अल्पभूधारकाला 25 टक्के, शेतमजुराला एकतृतीयांश, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला 50 टक्के सबसिडी असे. योजना चांगली होती आणि तिच्यातून उभी राहिलेली घरंही मी पाहिली. पण सबसिडी म्हटली की माणसाचं लक्ष म्हशीवरून उडून सबसिडीवर जातं, हेही पाहिलं. एक म्हातारा शेतमजूर मला म्हणाला होता, “साहेब, म्हैस अर्ध्या किमतीत देता, पण दूध घेणारा कोठी हाये? त्याची सोय कराना बाप्पा!” फ्रान्समधल्या कार्डाचं यापेक्षा वेगळं काय झालं? गाणं निम्म्या किमतीत मिळालं तरी शेजारी तेच फुकट असेल, तर निम्मी किंमतही जास्तच वाटते.

आपल्याकडे तर ते कार्ड चाललंच नसतं. मोबाईलचा जमाना आला तेव्हा आमच्या गावोगावच्या बाजारात, रिचार्जच्या टपरीवर, दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळायचं. घेणाऱ्याकडे इंटरनेट नव्हतं, पैसे भरायला बँकेचं कार्ड नव्हतं. त्याला चोरी करायची नव्हती, गाणं ऐकायचं होतं, आणि त्यासाठी टपरीवाल्याने तेवढी एकच वाट ठेवली होती. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालं, जाहिराती ऐकवून का होईना गाणी रीतसर फुकट मिळू लागली आणि त्या टपऱ्यांवरची गर्दी आपोआप ओसरली. सोय झाली, की बहुतेक माणसं सरळच वागतात.

पण गाणाऱ्याचं काय? इथे मला आमच्या वर्ध्याची खादी आठवते. खादीलाही नकलेचा रोग जुनाच. गिरणीचं कापड खादी म्हणून विकणारे कमी नव्हते. सरकार वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला सूट देत आलं. गांधी जयंतीच्या सुमाराला भांडारात झुंबड, एरवी शुकशुकाट. आम्ही बँकवालेसुद्धा सदरे घ्यायला सूट लागायचीच वाट पाहायचो! 2010 साली केंद्राने पद्धत बदलली. सुटीऐवजी उत्पादनाच्या किमतीवर 20 टक्के साहाय्य ठेवलं आणि त्यातला चौथा हिस्सा सूत कातणाऱ्या-विणणाऱ्या कारागिरांसाठी राखला. पुढे अस्सलपणाची ओळख म्हणून ‘खादी मार्क’ आला. सगळं सुधारलं असं नाही, पण पैशाची दिशा बदलली. गिऱ्हाइकाच्या खिशाकडून ती कातणाऱ्या हाताकडे वळली.

संगीतातही खरी गरज हीच आहे. 2012 च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कुणी लिहून घेऊ शकणार नाही, अशी तरतूद केली. गायक-वादकांनाही हक्क दिला. पण तो वाटा मागायला कागद लागतात, नोंदणी लागते. आमच्या सेलू भागात खंजिरीवर भजनं म्हणणारे एक बुवा आहेत. त्यांची भजनं कुणीतरी मोबाईलवर उतरवून इंटरनेटवर चढवली. हजारो लोकांनी ऐकली. बुवांना ते नातवाने दाखवलं तेव्हा कळलं. “आवाज माहाच हाये,” एवढंच म्हणाले. सरकारला संगीतासाठी पैसा खर्चायचाच असेल, तर ऐकणाऱ्याला सूट देण्यापेक्षा अशा माणसाचं नाव नोंदवायला, त्याचं खातं उघडायला खर्चावा. बँकेतल्या नोकरीने मला एवढं नक्की शिकवलं, की ज्याचं खातंच नाही, त्याच्या नावावर काही जमा होत नाही.

त्या लग्नातल्या मुलाचा मागच्या पावसाळ्यात फोन आला. बहुधा कुणीतरी त्याला समजावलं असावं. ओशाळून म्हणाला, “सर, पुस्तकाची किंमत तुम्हाला पाठवू का?” मी म्हटलं, “पुस्तक दुकानातून घे, म्हणजे प्रकाशकालाही मिळेल. आणि तुमच्या मंडळाच्या गणपतीत सेलूच्या बुवांना बोलवा. बिदागी मात्र आधी ठरवा.”

बुवा गेले, गायले. बिदागी पाकिटातून मिळाली. मी कपाटातली कॅसेट काढून वरची नावं पुन्हा वाचली. बारा गाणी. गीतकार, संगीतकार, गायक धरून किती जणांचं देणं लागतो, ते मोजायला बसलो, आणि सवयीने कागद-पेन्सिल घेतली.