गांज्यातील औषधी द्रव्ये आणि जिवाणूंची किमया

गांजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे व्यसन उभे राहते, आणि ती भीती अनाठायी नाही. परंतु या वनस्पतीतील सर्वच द्रव्ये नशा आणीत नाहीत. टीएचसी नशा आणते, सीबीडी आणीत नाही. दोहोंच्या रेणूंत २१ कार्बन, ३० हायड्रोजन व २ ऑक्सिजन असे सारखेच अणू असतात. फरक केवळ रचनेचा. बालवयात जडणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांवर सीबीडीचे शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले.

ही द्रव्ये तेलकट असल्याने पाण्यात विरघळत नाहीत व पोटातून नीट शोषली जात नाहीत. येथे जिवाणू साहाय्यास येऊ शकतात. काही जिवाणूंतील पी-४५० ही विकरे ऑक्सिजनचा एक अणू रेणूला जोडतात, तेही साध्या उबेत. १९५२ साली अमेरिकेतील अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बुरशीकडून असेच काम करवून घेतले व कॉर्टिसोन स्वस्त होण्याचा मार्ग खुला झाला.

मात्र अणू कोठे जोडला जातो, यावर सारे अवलंबून असते. आपले यकृतही टीएचसीला ऑक्सिजन जोडते. पण त्यातून प्रथम तयार होणारे द्रव्यही नशाच आणते. म्हणून जिवाणूंनी बदललेले प्रत्येक द्रव्य नवे समजूनच तपासावे लागते.

'गांजा तर औषध आहे' असे तरुणांना कोणी सांगत असेल, तर आम्ही एवढेच म्हणू : औषध मोजून, पारखून दिले जाते, चिलमीतल्या धुराला ना माप, ना पारख.