चार बाय चारची न्हाणी

गटाच्या बैठकीत न्हाणीचा विषय निघाला की बायका हेच सांगतात: आत वळायला जागा नाही, ओलं लुगडं गुंडाळून घरात यायचं आणि मग बदलायचं. पाहुणे असले की पंचाईत.

न्हाणी 4 बाय 4 फुटांची, म्हणजे 16 चौरस फूट. त्यात 200 लिटरचं पिंप ठेवलं की पाव जागा गेलीच. म्हणून आम्ही सांगतो, आधी पिंप बाहेर काढा. बाहेर उंच ओट्यावर झाकून ठेवा आणि भिंतीतून पाइप घेऊन आत नळ बसवा. ओटा नळापेक्षा उंच हवा, नाहीतर सगळं पाणी उतरत नाही.

दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणारं दार जागा खातं, शिवाय सासूबाई घसरून पडल्या तर त्यांच्याच अंगाला अडतं.

साबण, घासणी, तेलाची बाटली पायात नको. बांधकाम चालू असेल तर भिंतीत कोनाडा ठेवून घ्या. झालं असेल तर कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तिकोनी तुकडा बसवा. कोरड्या कपड्यांच्या खुंट्या नळासमोर नकोत, पाणी उडणार नाही अशा उंचीवर हव्यात. एवढं झालं की लुगडं आतच बदलता येतं.

भिंतींना पांढरा चुना द्या आणि छपराजवळ, डोक्याच्या वर, सिमेंटची जाळी बसवा. उजेडाने न्हाणी मोठी वाटते, ओलही लवकर सुकते. गवंडी म्हणेल, एवढ्याशा न्हाणीला जाळी कशाला? त्याला कुठे तिथे कपडे बदलायचेत!