अंड्यांवरची सही

पावसाळा लागला की बांधावरच्या गवतातून, बागेच्या कुंपणातून चिमणीहूनही लहान, लांब शेपटीचा एक पक्षी अखंड बडबडू लागतो. हा वटवट्या. पण कुठला, राखी की साधा?

कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात या दोघांनाही शास्त्रीय नावं मिळाली. राखी वटवट्या झाला ‘प्रिनिया सोशॅलिस’ आणि साधा झाला ‘प्रिनिया इनॉर्नाटा’, म्हणजे अलंकार नसलेला. आपल्याच माळरानांतून ही जोडी शास्त्राच्या वहीत गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ओळखायला दोघं सोपे. राखीची पाठ पाटीसारखी करडी, पोट तांबूस. साधा मातकट, डोळ्यावर फिकट भुवई. राखी उडताना ठिणग्या तडतडाव्यात तसा ‘किट्-किट्’ आवाज येतो. साध्याचं गाणं एखाद्या किड्याच्या किरकिरीसारखं.

खरी गंमत घरट्यात आहे. राखी बऱ्याचदा शिंप्यासारखी पानं शिवून त्यांत घरटं करतो. साधा गवताच्या पात्यांच्या बारीक चिरट्या काढून लांबट पिशवी विणतो. राखीची अंडी तकतकीत विटकरी लाल. आणि ‘अलंकार नसलेल्या’ साध्याची? निळसर-हिरवट, त्यांवर तपकिरी डाग आणि केसासारख्या बारीक वळणदार रेघा. बोरूने शाई फिरवावी तशा!

हे नक्षीकाम कशासाठी, याचा एक धागा आफ्रिकेत सापडतो. तिथला एक वटवट्या आपल्या साध्याच्या इतका जवळचा, की पूर्वी दोघांना एकच जात मानत. झांबियात क्लेअर स्पॉटिसवूड आणि मार्टिन स्टीव्हन्स यांनी त्याच्या अंड्यांचा अभ्यास केला. तिथे एक परोपजीवी पक्षी कोकिळेप्रमाणे या वटवट्याच्या घरट्यात अंडी घालतो, तीही हुबेहूब नक्कल करून. त्यावर वटवट्याचा तोडगा असा: प्रत्येक मादीच्या अंड्यांचा रंग वेगळा, डाग-रेघांची ठेवण वेगळी. एकीची अंडी पांढरट, दुसरीची निळी, तिसरीची लालसर. मादीची ही धाटणी जन्मभर बदलत नाही. त्यामुळे नकलेचा रंग किंवा डागांची ठेवण जुळली नाही, की परकं अंडं बऱ्याचदा घरट्याबाहेर जातं.

आपल्याकडेही कोकिळेच्या कुळातले छोटे पक्षी वटवट्यांची घरटी हेरत फिरतात.