नवे यंत्र, जुना चेहरा

घड्याळाचे यंत्र बदलले की त्याचे रूपही धाडसाने बदलावे काय, हा वाद जुनाच आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्‌झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आत स्फटिकाची कंपने आली, किल्ली देण्याची गरज संपली. तबकडी आणि काटे मात्र नेहमीचेच राहिले. याउलट १९७२ साली अमेरिकेत हॅमिल्टनचे 'पल्सर' आले. काटे गेले, काळ्या काचेत तांबडे आकडे उजळू लागले. रूप खरोखर धाडसी. परंतु दिवे बॅटरी खात असल्याने वेळ पाहण्यास बटण दाबावे लागे. दुसऱ्या हातात सामान असलेल्याने काय करावे? सदैव दिसणाऱ्या द्रवस्फटिकी आकड्यांपुढे ते अखेर मागे पडले.

मग धाडस नकोच काय? तसे आम्ही म्हणत नाही. १९८३ सालच्या स्विस 'स्वॉच'ने प्लॅस्टिकच्या डबीचा तळच यंत्राचा पाया केला, अवघ्या ५१ भागांत स्वस्त घड्याळ घडविले आणि वर रंगांची उधळण केली. ते रूप यंत्रातूनच उमलले होते.

आमच्या मते कसोटी एकच: पाहणाऱ्याची सोय वाढली काय? काटे वेळ तर सांगतातच, शिवाय किती अवकाश उरला तेही एका दृष्टिक्षेपात दाखवितात. आज मनगटावर पडदे बसविणाऱ्यांनी याचे विस्मरण होऊ देऊ नये. नवलाई चार दिवसांची. घड्याळ रोज पाहायचे असते.