बालकांची सामुदायिक मानसिक आरोग्यसेवा (भारत)

बालकांची सामुदायिक मानसिक आरोग्यसेवा म्हणजे मानसिक आजार असलेल्या १८ वर्षांखालील मुलास शक्यतो रुग्णालयात दाखल न करता, घर, शाळा व वस्ती यांच्या सान्निध्यात दिले जाणारे उपचार, समुपदेशन आणि पुनर्वसन होय. भारतात या सेवेचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने दिला असून हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला.

पात्रता
कलम १८ नुसार शासकीय सेवा मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आजार व उपचारांची गरज हाच निकष आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास, शिधापत्रिका हाती नसली तरी, उपचार विनामूल्य मिळतात. बालकांसह कोणालाही सेवेसाठी दूरचा प्रवास करावा लागू नये, असेही हे कलम सांगते. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसल्यास तेथील अन्य संस्थेतील उपचारांचा खर्च शासनाने सोसावयाचा आहे.

कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमतेचा समावेश मानसिक आजारात होत नाही. अशा मुलांसाठी, तसेच स्वमग्नता व अध्ययन अक्षमता असलेल्यांसाठी, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू होतो. त्याखालील बहुतेक विशेष सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मानसिक आजाराचा अंतर्भाव मात्र या कायद्यातही आहे. हा भेद ठाऊक नसल्यास पालकांचे हेलपाटे वाढतात.

रुग्णालयात दाखल करण्याच्या अटी
कलम ८७ नुसार अल्पवयीनास दाखल करणे हा अपवाद होय. दोन मनोविकारतज्ज्ञांनी, अथवा एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यवसायी यांनी, मुलाची स्वतंत्र तपासणी करावी लागते. आजार तीव्र आहे, दाखल करणे मुलाच्या हिताचे आहे आणि समाजातील पर्यायी उपचार निष्फळ ठरले किंवा उघडपणे अयोग्य आहेत, असा निष्कर्ष आवश्यक असतो. मुलास प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते व नामनिर्देशित प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या सोबत्याने पूर्ण काळ जवळ राहावयाचे असते. दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास दिली जाते.

महाराष्ट्रातील व्यवस्था
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मध्य रेल्वेवरील नाहूर स्थानकापासून ठाणे हे दुसरेच स्थानक आहे; तरीही कायद्यास अभिप्रेत असलेली सेवा ही रुग्णालयाआधीची, वस्तीलगतची होय. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दूरध्वनीद्वारे विनामूल्य समुपदेशन मिळते.

हे सुद्धा पहा
- राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम
- दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
- नाहूर