हातात क्लब घेण्याआधी

स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी, जुलै 1999. 'द ओपन' या गोल्फ स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी अखेरच्या होलवर आलेला फ्रान्सचा जाँ व्हॅन द वेल्डे तीन फटक्यांनी पुढे होता. पार 4 च्या त्या होलवर सहा फटके लागले असते तरी विजेतेपद त्याचंच होतं. त्याने ड्रायव्हर उचलला. चेंडू बराच उजवीकडे गेला, पण नशिबाने कोरड्या जागी पडला. आता वेजने छोटा फटका मारून चेंडू फेअरवेवर ठेवला की निम्मं काम झालं असतं. त्याने टू-आयर्न घेऊन थेट ग्रीनचा वेध घेतला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळला, उलटा येऊन ओढ्याच्या दगडी काठावर आपटला आणि दाट गवतात जाऊन रुतला. तिथून मारलेला चेंडू गेला सरळ 'बॅरी बर्न' या ओढ्यात. बूट-मोजे काढून, पँट दुमडून तो पाण्यात उतरला आणि बराच वेळ विचार करून दंडाचा एक फटका पत्करून बाहेर आला. पुढचा चेंडू बंकरमध्ये. सातव्या फटक्याला होल पुरा झाला, प्लेऑफ झाला आणि करंडक पॉल लॉरीने नेला.

ज्या स्विंगच्या जोरावर तो चार दिवस खेळला होता, तो काही एका होलपुरता नाहीसा झाला नव्हता. चुकली ती निवड. पुढे एका जाहिरातीसाठी तो त्याच होलवर परतला आणि नुसता पटर घेऊन खेळला. तिसऱ्या प्रयत्नात त्याने सहा फटक्यांत होल पुरा केला!

हौशी खेळाडूच्या कार्डावर अशा निवडी दर रविवारी सापडतात. सेव्हन-आयर्नने एकदा कधीतरी चेंडू 150 यार्ड गेलेला असतो, तोच आकडा डोक्यात बसतो. नेहमीचा फटका मात्र 135 यार्डांच्या आसपास पडत असतो. ग्रीनच्या अलीकडे बंकर किंवा पाणी असलं की कमी पडलेला चेंडू नेमका त्यात जातो. अशा वेळी एक क्लब मोठा घ्यावा आणि झेंड्याऐवजी ग्रीनच्या मध्यावर नेम धरावा. यासाठी कुठलंही नवं तंत्र शिकावं लागत नाही, आणि तरीही हा सल्ला फार थोडे जण पाळतात.

तंत्राचं महत्त्व अर्थात आहेच. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं, की चांगल्या आणि साधारण खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांत पडतो. तिथेच हौशी खेळाडूला स्लाइस छळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या रोखावर ठरतं, हे रडारच्या मोजमापांनी आता स्पष्ट केलं आहे. तो किती वळणार हे तोंडाचा रोख आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर अवलंबून असतं. म्हणून उजवीकडे जाणाऱ्या चेंडूवर उपाय म्हणून आणखी डावीकडे वळून उभं राहिलं, की क्लबचा मार्गही डावीकडे जातो, फरक वाढतो आणि स्लाइस बळावतो. आधी पकड तपासावी. क्लब धरून खाली पाहिल्यावर डाव्या हाताची निदान दोन बोटांची पेरं दिसायला हवीत. एकच दिसत असेल, तर फटक्याच्या क्षणी तोंड उघडं राहण्याचा धोका मोठा.

ग्रीनवरचं दुःख वेगळं. ब्रोडींच्याच आकड्यांनुसार आठ फुटांवरून अव्वल व्यावसायिकांचे निम्मेच पट, म्हणजे पटरचे फटके, होलमध्ये जातात. तेव्हा आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने तसा पट हुकल्यावर कपाळाला हात लावण्याचं कारण नाही. त्याचे फटके वाया जातात ते लांबच्या पटवर. दिशा जेमतेम हातभर चुकते, पण अंतर चांगलं सहा-सात फूट चुकतं. सरावात होलकडे न बघता निव्वळ अंतराचा अंदाज बसवला, तर तीन पट लागणारे होल कमी होतात. अंतर आणि दिशा दोन्ही साधली की काय घडतं, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकने दाखवलं. 60 जणींत तिचे ड्राइव्ह सर्वांत कमी अंतर जाणाऱ्यांपैकी होते. तरी पटरच्या बळावर ती चौथी आली. कांस्यपदक तिला एका फटक्याने हुकलं.

आणि मन? मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या पटिंगवरच्या प्रयोगांत तरबेज खेळाडूंना स्वतःच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांचा खेळ बिघडला. नवख्यांना मात्र तेच लक्ष उपयोगी पडलं. म्हणजे कोपर, मनगट, खांदा यांचा विचार शिकताना, सराव-मैदानावर करावा. स्कोअर मोजला जात असताना तो बाजूला ठेवावा. कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांना आढळलं, की कसलेले खेळाडू पट मारण्याआधी चेंडूवर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात. नवख्यांची नजर चेंडू, पटर, होल अशी भिरभिरत राहते.

अ‍ॅनिका सोरेनस्टॅमच्या प्रशिक्षक पिया निल्सन यांनी विचार आणि फटका वेगळे ठेवण्यासाठी एक सोपी आखणी केली. चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेष. रेषेअलीकडे वारा, अंतर, क्लब यांचा काय तो विचार करून घ्यायचा. रेष ओलांडली की विचार बंद, फक्त फटका. शंका आली, तर तसंच मारायचं नाही, पुन्हा मागे यायचं. सोरेनस्टॅमने 2001 मध्ये 59 फटक्यांत फेरी पुरी केली. महिला व्यावसायिकांच्या एलपीजीए मालिकेतल्या अधिकृत स्पर्धेत त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं.

प्रगती मोजताना हौशी खेळाडू बहुधा कालच्या खराब फेरीवर अडकतो. खेळाडूची पातळी ठरवणारी, 2020 पासून लागू झालेली जागतिक हँडिकॅप पद्धत याबाबत उदार आहे. ती शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठच धरते. शिवाय एखाद्या होलवर कितीही फटके लागले, तरी हँडिकॅप काढताना ठरावीक मर्यादेपुढचे मोजले जात नाहीत.